इतररावांसाठी दोन मिनिटं स्तब्धता

“ह्यांचा आवाज आहे ना तुमच्याकडे?” काकूंनी फोनवर विचारलं.

“आहे की! नसायला काय झालं?” निवेदक म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण कशाच्या जोरावर बोललो ते आपल्यालाच ठाऊक नाही.

निवेदकांचा हा जुना आजार होता. कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची आणि सुटायची ती थेट ‘हो’वर. शेजाऱ्यांनी ‘चार दिवस सांभाळा’ म्हणून दिलेला पोपट आता त्यांच्याच आडनावानं ओळखला जात होता. बायको म्हणायची, “तुम्हाला कुणी विचारलं ना, की जरा आमच्या जागी तुरुंगात बसता का, तर तुम्ही उशी घेऊन निघाल.”

दर वर्षाच्या शेवटी एका सकाळी निवेदक रेडिओवर तासाभराचा कार्यक्रम करत. वर्षभरात जी कलावंत आणि खेळाडू मंडळी गेली, पण ज्यांच्या जाण्याची बातमी कुठं छापून आली नाही, त्यांच्यासाठी हा कार्यक्रम. त्यांचं म्हणणं असं, की मोठा माणूस गेला की सगळं जग रडतं, तिथं आपली काय गरज? पण ज्या माणसानं नाटकातल्या घोड्याचे पुढचे पाय हयातभर केले, तो गेल्यावर ‘वा, काय पाय होते!’ असं म्हणणारं कुणी हवं की नको? बोलणाऱ्यांना आणण्याचं, चहा पाजण्याचं, परत घरी सोडण्याचं सगळं निवेदक स्वतःच करत आणि त्यात त्यांना फार बरं वाटे.

या वर्षी त्यांत काकूंचे यजमान होते. रेडिओवरच्या विनोदी श्रुतिकांत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली, ती ‘दुसरा शेजारी’, ‘फोनवरचा माणूस’ आणि ‘गर्दीतला आवाज’ या भूमिकांत. शेवटी नावं वाचली जात, तेव्हा त्यांची पाळी यायच्या आत वेळ संपायची आणि निवेदन ‘आणि इतर’वर येऊन थांबायचं. म्हणून केंद्रावर त्यांना सगळे ‘इतरराव’ म्हणत. त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे. फोन केला की तेच म्हणत, “मी इतर बोलतोय.”

निवेदक घाईघाईनं टेपांच्या खोलीत गेले. तिथल्या बाई स्वेटर विणत होत्या.

“इतररावांचं काही आहे का हो?”

“होतं,” बाई म्हणाल्या. “आता त्यांच्यावर हवामान आहे.”

“म्हणजे?”

“मधे टेपा कमी पडायच्या ना, तेव्हा जुन्या पुसून नवं भरायचे. नाटकांवर बातम्या गेल्या, बातम्यांवर बाजारभाव. विनोदी श्रुतिका होत्या त्यांच्यावर हवामान गेलं. ऐकवू का? ‘आकाश अंशतः ढगाळ’ आहे.”

निवेदकांच्या तोंडचं पाणी पळालं. आता मात्र सरळ खरं सांगून टाकायचं, असा निर्धार करून त्यांनी काकूंना फोन लावला.

“काकू, ते आवाजाचं जरा—”

“अहो, बरं झालं तुम्हीच केलात,” काकू म्हणाल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देण्याची त्यांना कधी सवय नव्हती. “मी काल झोपले नाही बघा आनंदानं. तुम्हाला सांगते, घशाचं ऑपरेशन झालं आणि शेवटची काही वर्षं हे बोललेच नाहीत. पाटीवर लिहायचे. आणि आता मला आवाज आठवेनासा झालाय. चेहरा भिंतीवर लावलाय, चष्मा कपाटात आहे. आवाज कुठं ठेवू? एकदा ऐकला, की परत नाही विसरणार. तुम्ही काय म्हणत होतात?”

“काही नाही,” निवेदक म्हणाले. “न्यायला गाडी घेऊन येतो.”

कार्यक्रमाची सकाळ उजाडली. स्टुडिओतल्या गोल टेबलाभोवती चौघं बसली होती. निवेदक, काकू, नाटकातल्या घोड्याचे ‘मागचे पाय’ आणि एक फुटबॉलचे प्रशिक्षक. मागचे पाय आपल्या दिवंगत पुढच्या पायांबद्दल बोलायला आले होते, आणि प्रशिक्षक एका राखीव गोलरक्षकाबद्दल. प्रत्येकापुढं माईक, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. काचेपलीकडं तंत्रज्ञ. दाराला आतून जाड गादी, आणि वर लाल दिवा.

कार्यक्रम छान रंगला. मागचे पाय म्हणाले, “पुढं रस्ता दिसायचा तो त्याला. मला त्याची कंबर. इतके प्रयोग केले, पण मी एकदाही रंगमंच बघितला नाही, आणि एकदाही पडलो नाही. सगळं त्याच्या भरवशावर. असा माणूस मिळायला भाग्य लागतं हो.” प्रशिक्षकांना मैदानाची सवय, त्यामुळं ते माईकवरही ओरडूनच बोलले. “एक सामना खेळला नाही पोरगा! बाकावर बसून म्हातारा झाला! पण रोज सरावाला आमचे सगळे गोल त्यानं अडवले. त्याच्यामुळं बाकीचे मारायला शिकले. चषक उचलला त्यांनी, घडवला ह्यानं!” निवेदकांना दोघांचे हात हातात घ्यावेसे वाटले. एरवी त्यांनी घेतलेही असते, पण त्यांचे स्वतःचे हात घामानं ओले झाले होते.

कारण आता पाळी काकूंची होती. काकू इतररावांबद्दल मोजकंच बोलल्या आणि मग म्हणाल्या, “आता माझं पुरे. ऐकवा त्यांना.” त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरले आणि डोळे मिटले.

निवेदकांनी घसा साफ केला. “तर श्रोतेहो… आता आपण ऐकणार आहोत… म्हणजे…” जीभ टाळ्याला चिकटली. ती सुटली तेव्हा तिनं भलतीच वाट धरली. “म्हणजे त्याआधी आपण या सर्व दिवंगतांना दोन मिनिटं स्तब्ध राहून श्रद्धांजली वाहू या!”

दोन मिनिटांत काहीतरी सुचेल, निदान भूकंप तरी होईल, असा त्यांचा हिशेब. सगळे उभे राहिले. हेडफोनच्या वायरी आखूड असल्यामुळं कुणालाच सरळ उभं राहता येईना, तेव्हा सगळ्यांनी अर्ध्यात वाकून श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली. मागच्या पायांना त्या स्थितीचा सराव होता. काचेपलीकडं तंत्रज्ञ दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होता. त्याला भरून आलं असावं, असं समजून निवेदकांनी त्याच्याकडं बघून मान लववली.

आणि एकाएकी हेडफोनमधून एक जाडसर, जरासा खट्याळ आवाज आला.

“श्रोतेहो, घाबरू नका. तुमचा रेडिओ ठीक आहे. त्याला चापट्या मारू नका. बिघडलोय ते आम्ही.”

“अहो!” काकू किंचाळल्या.

आवाज जागच्या जागी थांबला.

सगळे एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात तंत्रज्ञाचा आवाज हेडफोनमध्ये आला. तो आतल्या आत बोलायचा मार्ग होता, श्रोत्यांपर्यंत पोचत नसे. “सर, कधीचा हात करतोय मी! रेडिओवर शांतता करायची नसते! वर टेकडीवर प्रक्षेपकापाशी एक यंत्र बसवलंय. इकडून आवाज यायचा थांबला, की त्याला वाटतं केंद्र बंद पडलं. मग ते आपली राखीव टेप लावतं. इकडून कुणी बोललं, की टेप बंद.”

“अहो, पण टेपवर इतरराव कसे?” निवेदकांनी विचारलं. हा प्रश्न अर्थातच सगळीकडं ऐकू गेला.

“मला काय माहीत, सर? मी यायच्या आधीपासून ती टेप तिथं आहे. आपण कधी ऐकलीच नाही. बिघाड होतो तेव्हा हेडफोनही मुके होतात आणि आपण सगळे पळत असतो. ऐकतात ते फक्त श्रोते.”

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तेच होते,” त्या म्हणाल्या. “परत लावा.”

“काकू, इथून नाही लावता येत. उद्या कुणाला तरी टेकडीवर पाठवून—”

“उद्या मी आहे कशावरून?”

तंत्रज्ञ काचेपलीकडं डोकं खाजवू लागला. मग म्हणाला, “एकच उपाय आहे. सगळ्यांनी तोंडं मिटून बसायचं. पण त्या यंत्राला मागचं काही आठवत नाही. मधे कुणी हूं जरी केलं, तर टेप परत पहिल्यापासून.”

निवेदकांनी माईक जवळ ओढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण काय बोलणार ते आधी माहीत होतं. “श्रोतेहो, आपली स्तब्धता जरा कमी पडली. ती आपण पुन्हा पाळू या. कृपया कुणीही बोलू नये.”

मंडळी या वेळी बसूनच स्तब्ध झाली. थोड्या वेळानं आवाज आला.

“श्रोतेहो, घाबरू नका. तुमचा रेडिओ ठीक आहे. त्याला चापट्या मारू नका. बिघडलोय ते आम्ही. दुरुस्तीवाला आलाय, पण तो आधी चहा घेतो. तोवर मी बोलतो. मी साहेबांना विचारलं, काय बोलू? ते म्हणाले, काहीही बोल, तू बोलतोस तेव्हा कोण ऐकतंय!”

काकूंनी गालांवरून घळघळ वाहणारं पाणी पुसलंसुद्धा नाही. सगळं ठीक चाललं होतं, पण मागच्या पायांचा हिशेब कुणी धरला नव्हता. घोड्याच्या आत विनोद उशिरा पोचतो. त्यामुळं त्यांना हयातभर सगळ्यांच्या नंतर हसायची सवय लागली होती. इतरराव पुढच्या वाक्यावर गेले, आणि मागचे पाय दुरुस्तीवाल्याच्या चहावर फिस्सकन हसले.

आवाज बंद.

“चुकलं, चुकलं, वहिनी,” मागचे पाय कान धरत म्हणाले. “आता तोंडात रुमाल कोंबतो.” आणि त्यांनी खरोखरच कोंबला.

तिसऱ्या खेपेला रुमाल होता, पण प्रशिक्षकांच्या नाकानं घोटाळा केला. श्वास घेताना ते बारीक शीळ घालत असे. एरवी त्यांच्याच ओरडण्यात ती कुणाला ऐकू जात नसे. आता त्यांनी ती ऐकली, दचकून श्वास रोखला आणि हळूहळू ते टोमॅटोसारखे लाल होऊ लागले. इकडं इतरराव चापट्यांवरून चहावर आले, चहावरून साहेबांवर आले, आणि त्याच वेळी दार ढकलून आजचे साहेब आत घुसले.

“काय चाललंय काय? सगळ्या गावाचे फोन येतायत! केंद्र बंद पडलंय! इथं काय कुणी मेलंय का?”

हे सगळं प्रक्षेपित झालं. तुडुंब भरलेला श्वास सोडून प्रशिक्षक ओरडले, “कार्यक्रमच तो आहे, साहेब!”

साहेबांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात काचेवर थापटल्याचा आवाज झाला. तंत्रज्ञानं काचेला एक कागद लावून धरला होता. त्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं, ‘श्रोते विचारतायत, मधे मधे कोण बोलतंय? त्याला गप्प करा.’

“म्हणजे मला?” साहेब म्हणाले.

“हो,” निवेदक म्हणाले. आपल्या तोंडून साहेबांना उद्देशून हे काय बाहेर पडलं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

काकू उठल्या. जन्मभर त्यांनी दांडगे पेशंट नुसत्या बोटानं पलंगावर झोपवले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडं बोट केलं. “साहेब, तिथं बसा. माझा नवरा बोलतोय. एक शब्द काढलात तर बघा.”

साहेब बसले. बसताना स्टूल कुरकुरलं, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते परत अर्धवट उठले आणि तसेच अधांतरी राहिले.

निवेदक माईकवर म्हणाले, “श्रोतेहो, स्तब्धतेतील व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत. पुन्हा स्तब्ध होऊ या.”

चौथ्या खेपेला कुणी हललं नाही. मागच्या पायांच्या तोंडात रुमाल होता आणि प्रशिक्षकांनी नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास चालवला होता. इतरराव साहेबांच्या पुढं गेले. आता नवीन मुलूख सुरू झाला.

“कोण ऐकतंय म्हणता, तर तुम्हाला माझं लग्न कसं जमलं ते सांगतो. दवाखान्याच्या खालच्या उताराला मी सायकलवरून चाललो होतो. अगदी सावकाश, सभ्यपणानं. समोरून एक परिचारिका सायकल हाणत आली, वळणावर तिचा तोल गेला आणि ती धाडकन पडली. मी धावत गेलो आणि तिला उचललं—”

“खोटं!” काकू कडाडल्या.

आवाज बंद.

काकूंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. पण बाण सुटला होता.

“जन्मभर,” काकू हळूच म्हणाल्या. त्या आता रेडिओवर आहेत हे विसरल्या होत्या. “जन्मभर हे एवढंच खोटं बोलले. घरी कुणी आलं, की हीच गोष्ट. आणि ह्याच जागी मी टोकायची. पडले होते ते! मी नाही! आणि मग पाहुणे हसायचे, मी चहा टाकायला उठायची.”

“आणि गोष्टीत पुढं काय होतं?” मागच्या पायांनी रुमाल काढून विचारलं.

“पुढं?” काकू थांबल्या. “पुढं मला कुठं ठाऊक आहे? मी कधी पुढं जाऊच दिलं नाही.”

दार हलकंच उघडलं. बातम्या वाचणाऱ्या बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या. बातम्यांची वेळ झाली होती. निवेदकांनी केविलवाण्या नजरेनं साहेबांकडं पाहिलं. या केंद्राच्या बातम्या कधी उशिरा झाल्या नव्हत्या. पाऊस असो, वादळ असो, खुद्द साहेबांचं लग्न असो, बातम्या वेळेवर व्हायच्या. साहेबांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा काकूंकडं. मग ओठांवर बोट ठेवून ते चवड्यांवर दारापाशी गेले आणि बाईंच्या हातातले कागद, ते सळसळू नयेत म्हणून, स्वतःच्या दोन्ही हातांत दाबून धरून उभे राहिले.

मागच्या पायांनी रुमाल परत कोंबला आणि पाचव्यांदा शांतता झाली.

चापट्या, चहा, साहेब, उतार. इतररावांना कंटाळा नव्हता. निवेदकांच्या मनात आलं, कोण ऐकतंय म्हणून हिणवलेला हा माणूस एवढी वर्षं गावाला धीर देत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. केंद्राचा गळा बसला की हा एकटा बोलायचा. त्याचे आभार कुणी मानले होते? त्यांनी मनातल्या मनात मानून घेतले.

“…वळणावर तिचा तोल गेला आणि ती धाडकन पडली. मी धावत गेलो आणि तिला उचललं.”

काकूंनी टेबलाखाली मागच्या पायांचा हात पकडला आणि असा दाबला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण रुमालामुळं आवाज आला नाही. जागा आली, आणि गेली. काकू गप्प राहिल्या.

इतरराव जरा थांबले. टेपवर नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

“आमच्या घरी इथं एक आवाज येतो. ‘खोटं!’ असा. तो येऊन गेला असं समजू या. तर खरं सांगतो. पडलो मी होतो. गटारात. उचललं तिनं. गुडघ्याला पट्टी बांधली, आणि वर रागावली, की रस्ता बघायला डोळे दिलेत की बटणं? मी घरी हे कबूल करत नाही. का? तर श्रोतेहो, माझा आवाज रेडिओवर लागला की लोक दूध उतू गेलं का बघायला उठतात. असू दे, दुधाची काळजी घ्यावीच. पण जगात एक बाई अशी आहे, जी माझा शब्द न् शब्द कान देऊन ऐकते. एक जरी इकडचा तिकडं झाला, तरी पकडते. मग खरं बोलून असा श्रोता घालवू का? खोटं बोलायचं, ती टोकते, आणि मला कळतं, ऐकतंय कुणीतरी. तेवढ्यावर माझं सगळं झकास चाललंय. तिचे आभार मानायचेत, पण घरी मानायला गेलो तर त्यालाही खोटं म्हणेल. म्हणून इथं मानून ठेवतो. इथं कोण ऐकतंय! तिला सांगू नका. बास. झालं माझं. आता तुमच्यातलं कुणीतरी बोला, म्हणजे मी थांबतो.”

स्टुडिओत कुणी बोललं नाही. मागचे पाय हसायचं विसरले होते. प्रशिक्षकांनी नाक सोडलं होतं आणि नाक मुकाट्यानं गळत होतं. दारात साहेब देशाच्या सगळ्या बातम्या छातीशी धरून उभे होते. निवेदकांच्या जिभेवर बरंच काही होतं, पण ते बोलले नाहीत. सगळे काकूंकडं बघत होते.

काकूंनी हेडफोन नीट केले आणि त्या माईकपाशी वाकल्या.

“ऐकलं हो मी,” त्या म्हणाल्या.

टेकडीवरच्या यंत्रानं माणसाचा आवाज ओळखला आणि नेमाप्रमाणं इतररावांना बंद केलं. पण जन्मात पहिल्यांदा, काकू बोलल्या तेव्हा इतररावांचं बोलणं पुरं झालेलं होतं.